फराळाचा आलेख

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण नेमकं कोण कुणाला म्हणत असेल? म्हणीतला खाणारा डोळ्यांसमोर लगेच येतो. ताटात साबुदाण्याची खिचडी, वाटीत दाण्याची आमटी, रताळ्याचे पाकातले काप, वर एक केळं. म्हणणारा मात्र दिसत नाही. तो उपवास न करणारा असेल, तर त्यानं हा हिशेब विचारायचं कारण काय? आणि निर्जळी करणारा असेल, तर दुसऱ्याच्या ताटावर इतकं बारीक लक्ष ठेवून त्याला कसलं पुण्य लागायचं? मला वाटतं, ही म्हण पहिल्यांदा वाढणाऱ्या बाईनं म्हटली असणार. दाणे भाजा, सोला, कुटा. शिवाय ज्यांचा उपवास नाही त्यांच्यासाठी वरणभाताचा कुकर वेगळा. दुप्पट खाणाऱ्याच्या आधी दुप्पट रांधणारी असते, तिला टोमणा मारायचा हक्क पोहोचतो.

एकादशीची दुसरीही एक म्हण आहे: एकादशीच्या घरी शिवरात्र. उपाशी माणसाकडे दुसरा उपाशी पाहुणा येतो. या म्हणीत फराळ नाही, कूट नाही, काही नाही. एकाच तिथीच्या नावावर एक म्हण भरलेल्या ताटाची आणि एक रिकाम्या चुलीची. ज्याला रोज जेवायला मिळतं त्याचाच न जेवण्याचा दिवस गाजतो, हे या दोन म्हणी शेजारी ठेवल्या की आपोआप दिसतं. पण मला तिथंही थांबता येत नाही, कारण आमच्याकडे सध्या उपवासाला तिसरा एक अर्थ राहायला आला आहे.

भाच्याच्या दंडावर एक पांढरी चकती आहे. तिच्या पोटातला केसासारखा तंतू कातडीखाली रुतलेला असतो आणि साखर मोजत असतो. रक्तातली नव्हे, पेशींच्या मधल्या द्रवातली; म्हणून तिचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागून चालतो. भाच्याला मधुमेह नाही. तो टेकडी चढतो, थंड पाण्यानं आंघोळ करतो, सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवण उरकतो, झोपेचे गुण देणारी अंगठी घालतो. या सगळ्याला तो बायोहॅकिंग म्हणतो. आषाढीला तो आमच्याकडे फराळाला आला आणि ताटाशेजारी फोन ठेवून बसला. खिचडी पोटात गेली, गप्पा झाल्या, आणि पडद्यावरची रेघ घाट चढू लागली.

“मामी, हे बघ. एकशे बासष्ट!”

सासूबाईंनी विचारलं, “कितीपैकी?”

“आजी, मार्क नाहीत गं हे. जेवढे कमी तेवढं चांगलं.”

“मग मला नको दाखवूस. मला अजून वाढून घ्यायचीय.”

नंतर तो आजीला समजावत होता. तुझा उपवास अगदी शास्त्रीय आहे, पोटाला विश्रांती, शरीराची साफसफाई, सगळं बरोबर. फक्त साबुदाणा काढून टाक. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “साबुदाणा काढला तर उपवास कसला राहिला?”

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य अजून पचलेलं नाही.

त्यांची खिचडी मी अनेकदा उभी राहून पाहिली आहे. रात्री साबुदाणा धुऊन, बोटाचं एक पेर बुडेल एवढंच पाणी. सकाळी दाणा चिमटीत दाबला की विरघळला पाहिजे, पण शेजारच्याला चिकटता कामा नये. कूट, मीठ, चिमूटभर साखर आधीच कालवायची. कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाट्याच्या पातळ काचऱ्या; त्या शिजल्यावर साबुदाणा. मग झाकण, मंद आंच, आणि दाणा काचेसारखा दिसू लागला की गॅस बंद. कूट सढळ हातानं घातलं की भाच्याच्या फोनवरची रेघ जरा हळू चढते, हे त्यानंच नंतर सांगितलं. सासूबाई कूट सढळ घालतात त्या चवीसाठी.

आता याच कढईकडे जरा निराळ्या डोळ्यांनी पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेतून आली, रताळं तिकडचं, राजगिराही तिकडचाच. पोर्तुगीज समुद्रमार्गानं आले त्याआधी यातलं काहीही आपल्या मातीत नव्हतं. तूप, जिरं, मीठ आणि चिमूटभर साखर वगळली तर सासूबाईंच्या कढईत पूर्वापार म्हणावं असं काही उरत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळी एकादशी होती, मिरची नव्हती. वारकरी तेव्हाही उपवास करतच होते.

साबुदाण्याची गोष्ट तर आणखी अलीकडची. खरा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या गाभ्यातून काढत. कसाव्याची लागवड त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी 1880च्या दशकात वाढवली, ती गरिबांना भाताला पर्याय मिळावा म्हणून. पुढं दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल आटला आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसाव्याचा साबुदाणा करणारे कारखाने फोफावले. म्हणजे दुष्काळाचा कंद, युद्धाचा कारखाना, आणि आपल्याकडे येऊन तो झाला सोवळ्यातला पदार्थ! त्यात जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावापुरती. गव्हाची पोळी खाल्ली तर उपवास मोडतो, हा खाल्ला तर मोडत नाही. धान्य वर्ज्य, एवढाच नियम होता आणि हे परदेशी पाहुणे धान्याच्या यादीत कधी नव्हतेच, म्हणून बिनबोभाट आत शिरले. धर्मानं अडवलं नाही, जिभेनं बोलावलं. काही घरांत भगर चालते, काही घरांत ती ‘वरीचे तांदूळ’ म्हणून बाद. कुठं जिरं चालतं, कुठं कोथिंबीरही नाही. शेजारच्या दारात नियम बदलतो आणि दोन्ही घरांत तो सनातन असतो.

यावर हसायचं ठरवलं तर सोपं आहे. पण भाच्याचे नियमही असेच घरोघरी बदलतात. 2018च्या सुमाराला महाराष्ट्रात डबा खाणाऱ्या प्रत्येक टेबलावर दोन पंथ झाले होते, आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, आणि जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, आणि तुपाला घाबरू नका. दीक्षितवाले दिवेकरवाल्यांना चिवडा देत नसत. दिवेकरवाले दीक्षितवाल्यांच्या चेहऱ्याकडे काळजीनं पाहत. दोन्हीकडचे लोक बारीक झाले, दोन्हीकडचे काही पुन्हा होते तसे झाले. दीक्षित आपल्या पद्धतीचं श्रेय नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. जिचकार 2004 साली मोटार अपघातात गेले, पन्नाशीच्या आत. याचा त्यांच्या आहारविचाराशी काडीचा संबंध नाही, मला माहीत आहे. तरी दीर्घायुष्याच्या कुठल्याही कोष्टकासमोर बसले की ती बातमी मला आठवतेच.

दर एकादशीला फोनवर एक संदेश येतो: उपवासाला नोबेल मिळालं, आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं. 2016चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते खरं. पेशी आपल्याच आतला कचरा कसा गिळते आणि पुन्हा वापरते, ती यंत्रणा त्यांनी उलगडली. उपाशी ठेवलं होतं यीस्टला. पावाच्या पिठात असतं ते यीस्ट. त्याला विठ्ठलाची ओढ नव्हती आणि खिचडीचीही. माणसांचं म्हणाल, तर चीनमध्ये 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेला एक प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. एका गटानं तेवढ्याच मोजक्या उष्मांकांचं जेवण सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घेतलं, दुसऱ्यानं वेळेचं बंधन पाळलं नाही. वजन दोघांचं उतरलं, आणि फरक सांगण्याजोगा पडला नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “वजनाचं जाऊ दे मामी, मला बरं वाटतं.” सासूबाईही नेमकं हेच म्हणतात.

तरी दोघांत एक मोठा फरक आहे असं मी धरून चालले होते. भाचा स्वतःसाठी उपाशी राहतो. सासूबाईंचे सोमवार, संकष्टी, हरतालिका, वटसावित्री हे सगळे दुसऱ्यांच्या नावावर. पोट एकाचं, आयुष्य दुसऱ्याचं वाढवायचं. आरोग्य सुधारण्याची ही पद्धत किती विलक्षण आहे, आणि त्यात बायकांच्याच वाट्याला किती आलं, यावर मला रागानं लिहिता आलं असतं. पण मग ब्रायन जॉन्सन आठवला. वय थोपवण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या या अमेरिकी उद्योजकानं 2023 साली आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःच्या शरीरात घेतला, आणि स्वतःचा आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दिला. ययाती आठवायला मराठी माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पुढं त्यानंच जाहीर केलं की आपल्याला त्याचा फायदा दिसला नाही, म्हणून ते बंद केलं. म्हणजे इतकी यंत्रं लावूनही शेवटी माणूस घरच्या माणसांपर्यंतच पोहोचला.

आणि पुण्यातलं एक काम तर माझी सगळीच मांडणी विस्कटून टाकतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं किडमिडी. पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकलेली. बारीक आणि तरीही चरबीदार. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. त्या गावांत पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं जरा भरलेली निघाली, हेही दिसलं.

म्हणजे दंडावरची चकती ज्या शरीराची साखर मोजते, त्याची घडण आईच्या पोटात सुरू झालेली असते. आणि आईची तिच्या आईच्या पोटात. भाच्याच्या त्या एकशे बासष्टमध्ये खिचडी किती, आणि सासूबाई शेवटी जेवायला बसत तेव्हा पातेल्यात उरलेलं किती, हे फोन सांगत नाही. एकादशीच्या घरी शिवरात्र आली, तिचे आकडे नातवंडांच्या दंडावर उमटत असतील का? तसं असेल तर ‘माझं शरीर, माझा प्रयोग’ हे भाच्याचं म्हणणं लंगडं पडतं. पण तसं असेल तर बायकांनी दुसऱ्यांसाठी उपाशी राहण्याचं गणितही उलटं पडतं. तिनं जेवायला हवं होतं. दुप्पट खायला हवं होतं. मी त्या म्हणीला टोमणा समजून चालले होते. आता ती मला कुणा पोटुशीला केलेल्या आग्रहासारखी ऐकू येते, आणि म्हणीचा अर्थ असा मुळीच नाही हेही मला पक्कं माहीत आहे.

सासूबाईंना मधुमेहाची गोळी आहे. उपवासाला काही खाऊ नका असं त्यांना कुणी म्हणत नाही, कारण काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढतच राहतात, आणि म्हाताऱ्या माणसाला घेरी यायला तेवढं पुरतं. त्यामुळे त्यांच्या बाबतीत फराळ हे डॉक्टरांचंच फर्मान आहे. साबुदाणा नव्हे, फराळ. या दोन शब्दांमध्ये आमचं घर गेले कित्येक पंधरवडे अडकलंय. भगर करून पाहिली, ती त्यांनी ‘पथ्याचं’ म्हणून बाजूला सारली.

भाच्यानं आता दुसरी चकती आणली आहे, आजीसाठी. त्या आधी नाही म्हणाल्या: मी खाल्लं की मला कळतं. मग त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दुखतं का विचारलं, आंघोळीला चालते का विचारलं, सोवळ्याला चालते का हे मात्र विचारलं नाही. शेवटी तयार झाल्या, पण लावायचा दिवस स्वतः ठरवला: दशमी. त्यांचा हिशेब चोख आहे. चकती चौदा दिवस चालते आणि एकादशी पंधरवड्यानं येते, त्यामुळे एका चकतीत एकच एकादशी बसते. तुमच्याकडे कुणी लावणार असेल तर पंचांग बघून लावा. द्वादशीला लावलीत तर नेमका फराळाचा दिवस हुकू शकतो.