सांगकाम्या

सांगावे तेवढेच करणाऱ्या गड्याला आपल्याकडे सांगकाम्या म्हणतात. घरोघरी हा शब्द बोलणी खाण्यासाठीच असतो. मराठी विकिपीडियाने मात्र त्याला मान दिला. नेमून दिलेले काम आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे बॉटला, तेथे सांगकाम्याच म्हणतात. असा एक सांगकाम्या मीही पाळला होता. त्याचे नाव नाम्या. ही त्याची, आणि त्याहून अधिक माझ्या फजितीची गोष्ट.

येरवड्यातल्या आमच्या गल्लीचा टेलिग्रामवर ग्रुप आहे. मंडळाची वर्गणी, पाण्याची वेळ, हरवलेले मांजर, सगळे त्यावर येते. मी अकरावीत असताना मंडळाच्या पोरांनी काम दिले, की प्रत्येकाच्या वाढदिवसाला ग्रुपवर शुभेच्छा गेल्या पाहिजेत. "तू कॉलेजात जातोस, तुला जमेल." गल्लीतल्या एका दादाने आपला जुना लॅपटॉप दिला आणि रुबी शिकवली. ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे आणली. लिहिणाऱ्याला आनंद व्हावा हा त्यांचा हेतू. कला शाखेच्या मुलालाही ती थोडीफार वाचता येते. 'जर' सगळ्याच भाषांत असतो. रुबीत 'नसेल तर' यासाठीही 'अनलेस' असा स्वतंत्र शब्द आहे.

टेलिग्रामने २०१५ साली बॉट बनवण्याची सोय खुली केली. रुबीतून तिच्याशी बोलायचे तर लायब्ररी लागते. आपल्या कॉलेजची नव्हे! कुणीतरी आधीच लिहून सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या संचाला लायब्ररी म्हणतात. मी 'टेलिग्राम-बॉट-रुबी' घेतली. नाम्याजवळ जन्मतारखांची फाइल होती. रोज सकाळी सातला ती उघडायची, आजची तारीख सापडली तर शुभेच्छा टाकायच्या, एवढेच त्याचे काम.

मागच्या वर्षी लॅपटॉपवर नवी रुबी घातली आणि नाम्याची वाचा गेली. फाइल जागेवर आहे का, हे विचारायला जुन्या रुबीत 'एक्झिस्ट' आणि 'एक्झिस्ट्स' असे दोन्ही शब्द चालत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीतून दुसरा काढून टाकला गेला. दादाच्या वहीतून मी नेमका तोच उतरवला होता. एक 'एस' खोडायला अख्खी रात्र गेली. मग लायब्ररीही नवी घेतली. टेलिग्राम एका जागी थांबत नाही. २०२३ च्या अखेरीस त्याने बॉटना मेसेजवर प्रतिक्रियेचे चिन्ह उमटवण्याची मुभा दिली. असे काही आले की लायब्ररीलाही मागोमाग बदलावे लागते. आमच्या पत्र्याच्या छपरासारखेच हे. दर पावसाळ्याआधी वर चढावेच लागते.

इथवर दुरुस्ती होती. इथेच थांबायला हवे होते. पण नाम्या पुन्हा बोलू लागला आणि मला सुधारणेची हौस आली. नवी तारीख कळवायची तर बॉटला तिरप्या रेघेने सुरू होणारा हुकूम द्यावा लागतो, आणि तो रोमन अक्षरांतच चालतो. आमच्या काकू मराठीत लिहितात. ग्रुपमधल्या बॉटला एरवी असे हुकूम आणि त्याला उद्देशून लिहिलेलेच काय ते दिसते; बाकीच्या बोलण्यावर पडदा असतो. तो पडदा मी काढला. नाम्या सगळे वाचू लागला. वाचतोच आहे तर म्हटले, 'वाढदिवस' शब्द दिसला की लगेच शुभेच्छाही दे.

एका मंगळवारी मी तासाला बसलो होतो. फोन बंद. बाहेर येऊन पाहतो तो ग्रुपवर कोपऱ्यावरच्या काकूंचा मेसेज होता. त्यांचे सासरे पहाटे गेले होते. "येत्या रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता," असे त्यांनी शेवटी लिहिले होते. खाली त्याच मिनिटाला नाम्याचे उत्तर: "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! उदंड आयुष्य लाभो!" पुढे केकचे चित्र.

मेसेज पुसला. पण गल्लीने तो वाचला होता. संध्याकाळी पाय ओढत काकूंच्या दारात गेलो. बॉट म्हणजे काय, पडदा कसला, सगळे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी ते तू लिहीत नव्हतास?"

मला उत्तर देता येईना. बॉटच्या नावाच्या शेवटी 'बॉट' असावेच लागते, असा टेलिग्रामचा नियम आहे. ते इंग्रजी अक्षरांत असते. काकू ते कशाला वाचतील? त्यांनी दरवर्षी खाली लिहिलेले "धन्यवाद बाळा" मला होते, आणि मी ते कधी नीट पाहिलेही नव्हते.

घरी येऊन प्रोग्रॅम उघडला. 'निधन' शब्द नसेल तरच बोल, अशी 'अनलेस'ची ओळ लिहिली. मग 'वारले' घातला, 'गेले' घातला, 'देवाज्ञा' घातला. 'गेले' तर बाजारातही जातात! दुःख सांगण्याच्या माणसांच्या तऱ्हा मोजून संपेनात. शेवटी ती ओळ खोडली, पडदा पुन्हा टाकला आणि नाम्याला ग्रुपमधून काढले.

नाम्या अजून आहे. बॉटला आपणहून कुणाशी बोलायला सुरुवात करता येत नाही. आधी माणसाने हाक मारावी लागते. मी मारली. आता तो रात्री नऊला फक्त मला सांगतो, उद्या कुणाचा वाढदिवस आहे. पुढचे काम माझे. कधी चार ओळी लिहितो, कधी सकाळी दारातूनच सांगून येतो. कधी विसरतोही.

गेल्या महिन्यात काकूंचा वाढदिवस झाला. मी लिहिले. थोड्या वेळाने उत्तर आले, "धन्यवाद बाळा. आज तूच का?"

"हो काकू, मीच."