जोत्यापासून सुरुवात

आमच्या पुढच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे पापुद्रे दर पावसाळ्यात सुटतात. दिवाळीच्या आधी डिस्टेंपरचा हात मारला की शिमग्यापर्यंत भिंत चांगली दिसते. मृगाच्या सरींनंतर तिला फुगे येतात आणि गणपतीत पाहुण्यांच्या पाठीमागे पोपडे गळत असतात. लग्न होऊन शिरगावात आले तेव्हापासून हे पाहते आहे. सासूबाई त्याच्याही आधीपासून पाहताहेत. या वर्षी ही खोली नीट करायची असं घरात ठरलं. बोईसरच्या एका रंगकाम करणाऱ्याने येऊन मापं घेतली आणि 32,000 रुपये सांगितले. आमच्याकडे त्यासाठी बाजूला काढलेले होते 8,000. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, त्याच्या सुट्ट्यांचा भरवसा नाही. तेव्हा काम माझ्यावर आलं, आणि मी याआधी हातात कुंचा धरलेला नव्हता.

पहिला गोंधळ पालघरच्या रंगाच्या दुकानात झाला. मी रंग निवडायला गेले होते; तिथे रंगाच्या आधीच्याच वस्तूंनी फळ्या भरलेल्या. पुट्टी दोन जातींची, प्राइमर पाण्यातला वेगळा आणि तेलातला वेगळा, ओलीवर लावायचं पातळ औषध, जाड औषध. प्रत्येक डब्यावर तो किती चौरस फुटांना पुरतो ते लिहिलेलं. खोली 12 बाय 10, भिंती 9 फूट उंच. चारी भिंतींचे 396 चौरस फूट होतात, दारं-खिडक्या वजा जाता साधारण 340. हिशेब सोपा वाटला. पण डब्यावरचा आकडा गुळगुळीत, पुट्टी केलेल्या भिंतीचा असतो. आमच्यासारखी खडबडीत, पिणारी भिंत असेल तर डबा निम्म्यावरच संपतो. एका हाताचा आकडा कुठला आणि दोन हातांचा कुठला, तेही पाहावं लागतं. दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "ओल खालून चढते की बाहेरून झिरपते?" मला उत्तर देता आलं नाही. शेडकार्ड घेऊन घरी आले.

आमच्या आळीत एक निवृत्त गवंडीकाका राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, पांढरी लव आली होती ती बोटाने टिपून जिभेला लावली आणि म्हणाले, "खारं. सूनबाई, स्वयंपाकघरातला चकचकीत कागद आहे का?" हातभर फॉइल त्यांनी भिंतीवर चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून लावलं आणि दोन दिवस तसंच ठेवायला सांगितलं. फॉइलच्या खोलीकडच्या अंगावर पाणी दिसलं तर दमट हवेचं, भिंतीकडच्या अंगावर दिसलं तर भिंतीतलं. आमचं पाणी भिंतीकडून निघालं. गुडघ्याएवढ्या उंचीवर भरपूर, छातीच्या उंचीवर जवळजवळ नाहीच. म्हणजे ओल जमिनीतून वर चढत होती.

मग काका मला खोलीतून बाहेर घेऊन गेले. माझ्या मते सगळं काम तिथेच झालं, पुढचं नुसतं सजवणं. काही वर्षांपूर्वी आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते. अंगण त्यामुळे वर आलं आणि घराचं जोतं त्या बाजूने वीतभर मातीत गाडलं गेलं. वरून पन्हळ गळकी, तिचं पाणी नेमकं भिंतीच्या पायाशी पडणारं. "भिंत पाण्यात पाय सोडून बसलीय," काका म्हणाले. "तिला वरून पावडर लावून काय होणार?"

भिंतीत पाणी वर चढतं ते विटेच्या आणि दर्जांच्या बारीक छिद्रांतून. चढताना ते जमिनीतला, वाळूतला, वाऱ्याने आणलेला क्षार सोबत घेतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतो. त्याचे स्फटिक जिथे तयार होतात तिथे ते वरचा थर आतून ढकलतात. वर प्लॅस्टिकसारखा रंग असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. मग रंग फुगतो, किंवा ओल आणखी वर चढते. आमच्या घरात खालच्या दोन फुटांना कुणी तरी कधी तरी सिमेंटचा गिलावा केला होता. त्यावरची ओल त्यामुळेच कमरेपर्यंत आली होती, असं काकांचं म्हणणं. घर जुनं, विटा चुन्यात बसवलेल्या. अशा भिंतीला आत-बाहेर सुकू द्यावं लागतं.

तेव्हा 8,000 पैकी पहिले 1,800 रुपये अशा ठिकाणी गेले जिथे एकही पाहुणा पाहणार नाही. भिंतीलगतची पेव्हरची एक ओळ उचलली, हातभर रुंद चर खणला, जोतं मोकळं केलं, चराला उतार देऊन त्यात खडी भरली. खडी आणि टेम्पोचं भाडं एवढाच खर्च. उचललेले ब्लॉक बागेच्या वाटेला लावले. सासूबाईंना हे पटत नव्हतं. "खोली रंगवायची म्हणून अंगण उकरतेस?" त्यांचा प्रश्न रास्त होता. दिवाळीच्या आत रंग झाला पाहिजे हाही त्यांचा आग्रह होता, कारण घरोघरी रंग दिवाळीलाच निघतो. पण किनाऱ्यावर आश्विनात भिंती पावसाळ्याचं पाणी पोटात धरूनच असतात. मी त्यांना म्हटलं, "आई, या दिवाळीला तोरण लावू, रंग माघात देऊ." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चरात खडी पसरायला त्याच आल्या.

थंडीत खरवडायला घेतलं. लवेसारखा क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, पाण्याने धुवायचा नाही. धुतला की तो विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. झाडलेली भुकटी सुपलीत धरून बाहेर टाकायची. मग पट्टीने डिस्टेंपर. वरचा बदामी थर निघाला, त्याखाली पिस्त्याचा हिरवा, त्याखाली गुलाबी, आणि सगळ्यात तळाशी निळसर पांढरा चुना, विटेच्या गिलाव्याला घट्ट धरून बसलेला. त्याच्या वरचं सगळं सुटत होतं, तो सुटत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भिंत अशीच होती, आणि गुलाबी रंग नणंदेच्या लग्नातला. खिडकीच्या चौकटींना मात्र मी पॉलिश पेपर लावला नाही. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल याची खात्री देता येत नाही. घरात लहान मूल आहे. कोरडं घासून ती धूळ उडवण्यापेक्षा चौकटी ओल्या फडक्याने पुसून तशाच ठेवल्या.

तळाचा तो चुना पाहिल्यावर शेडकार्ड परत करावंसं वाटलं. आमच्या गावचा किल्लाही दगड-चुन्याचा. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणातल्या मोहिमेत 1739 साली तो मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. इतकी वर्षं समुद्राचा वारा खाऊन त्याच्या भिंती उभ्या आहेत. पूर्वी या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. तो आता मिळत नाही, पण कळीचा चुना मिळतो, आणि तो लावायला पुट्टी लागत नाही, प्राइमर लागत नाही. भिंतीची ओल त्यातून बाहेर जाऊ शकते. एवढं कळल्यावर निर्णय अवघड नव्हता.

चुना भिजवणं मात्र पोरखेळ नाही, हे नवशिक्यांसाठी मुद्दाम लिहिते. कळीवर पाणी पडलं की ती फसफसते, तडकते, उकळते. पत्र्याचा डबा घ्यावा, प्लॅस्टिकची बादली वितळते. डोळ्यांना गॉगल, हातांत रबरी मोजे, मूल आणि मांजर दोघंही घराबाहेर. आधी पाणी ओतावं, मग त्यात कळी थोडी थोडी सोडावी. आम्ही तो आठवडाभर मुरू दिला, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला. त्यात पातळ केलेला सरस घातला, म्हणजे भिंत अंगाला कमी लागते, आणि चिमूटभर नीळ, म्हणजे पिवळट झाक मरते. पडलेल्या गिलाव्याच्या जागा काकांच्या देखरेखीखाली चुना आणि नदीच्या वाळूने भरल्या. समुद्रावरची वाळू फुकट आणि दारात, पण तिच्यातला क्षार परत भिंतीतच जाणार.

पहिला हात दिला तेव्हा मी घाबरले. भिंत आधी पाण्याने ओली करून घेतली होती. त्यावर कुंचा फिरवला तर नुसतं ताकाचं पाणी लावल्यासारखं दिसलं. मागचे डाग, पट्टीचे ओरखडे, भरलेली भोकं, सगळं जसंच्या तसं. मी दाट कालवून पुन्हा लावायच्या बेतात होते. काकांनी हात धरला. "दाट लावशील तर भेगा पडतील. जाऊन झोप." सकाळी भिंत पांढरी झाली होती. ओला चुना पारदर्शक असतो आणि सुकताना उजळत जातो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा टणक होतो. आडवा हात, उभा हात, मग पुन्हा आडवा, प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. डिस्टेंपरच्या पांढऱ्यापेक्षा हा पांढरा वेगळा आहे. दुपारी पश्चिमेचं ऊन आत आलं की भिंत चमकत नाही, आतून उजळते. हे मी कौतुकाने सांगते आहे, पण येऊन पाहणारेही तेच म्हणतात.

खालच्या अडीच फुटांना त्याच चुन्यात गेरू मिसळून पट्टा दिला. चुन्यात बाजारचे सगळे रंग टिकत नाहीत, चुना त्यांना खातो. गेरू मातीचा, लोहाचा, तो टिकतो. आणि खालची ओल पूर्ण आटायला एखादं वर्ष लागेलच, तोवर डाग उमटले तर गेरूत लपतील. पुढच्या वर्षी एक हात फिरवायला मूठभर गेरू पुरेल.

माळ्यावर पडलेला सागवानी बाक खाली आणला. त्याला चपड्याचं पॉलिश करायचं मनात होतं, पण लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं होतं, म्हणून जवसाचं तेल चोळलं. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत. बाक भिंतीपासून हातभर दूर ठेवलाय, त्यामुळे भिंतीला वारा लागतो आणि बसणाऱ्याच्या सदऱ्याला चुनाही लागत नाही. जुन्या सोफ्याला नवी खोळ शिवायचा विचार सोडला, तो दिलाच. पडद्यांना मांजरपाट, छताच्या ट्यूबऐवजी दोन कोपऱ्यांत पिवळसर दिवे.

उरली समोरची पांढरी भिंत. भाच्याने मोबाइलवर वारली चित्र दाखवलं, मामी, हे काढू या म्हणाला. मधोमध चौक, चौकात देवी, भोवती नाच. गेरूचा पट्टा होताच, तांदळाचं पीठही घरात. मलाही मोह झाला. पण तो लग्नचौक होता. वारल्यांच्या घरी लग्नात कुडाच्या भिंतीवर सवासिनी तो काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणत विधी करते. तो आपल्या दिवाणखान्याची नक्षी म्हणून काढावा हे मला पटलं नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि जगात नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी नेली ती त्यांची होती. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याच वर्षी 1 ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा झाला, आणि आज जिल्ह्याच्या नावाने जो तो हे चित्र छापतो, उशांवर, कपांवर, रिक्षांवर. मग डहाणूकडच्या एका वारली चित्रकाराकडून कापडावरचं लहान चित्र घेतलं, 1,500 रुपयांना. त्यात चौक नाही. मासे धरणारी माणसं आहेत आणि ताडावर चढलेला एक जण. भाव केला नाही. 8,000 मधले हे 1,500 मला सगळ्यांत योग्य खर्च वाटतात, खडीच्या खालोखाल.

चुना, सरस, नीळ, गेरू, कुंचे, गॉगल, मोजे मिळून 1,400 गेले. दिव्यांना 900, पडद्यांना 1,300. खडी आणि चित्र धरून 6,900. राहिलेले 1,100 रुपये पन्हळीसाठी बाजूला ठेवलेत. पत्रेवाला वैशाखात येतो म्हणालाय, आणि मी त्याला आत्ताच दोनदा आठवण करून दिली आहे, कारण पन्हळ मृगाच्या आधी बसली नाही तर चरातली खडी एकटी किती पाणी वाहून नेईल?