भोगीची भाकरी

वेरूळला आजीच्या घरी सकाळची झोप मोडायची ती काठवटीतल्या थापांनी. आजी बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळायची, भाकरी थापून वर पाण्याचा हात फिरवायची आणि चिमूटभर तीळ पेरून बोटांनी हलकेच दाबायची. "तीळ भाकरीत बसला पाहिजे. तव्यात सांडला तर कुणाच्या पोटात जाणार?" भोगीला तर तीळ दुप्पट. सोबत वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे, बोरं घातलेली, तिळाच्या कुटातली भाजी. न खाई भोगी, तो सदा रोगी. आम्हाला ते जेवायला बसवण्यापुरतं वाटायचं.

जस्त म्हणजे आजीच्या लेखी आडावरची बादली. तिच्या त्या तीळ-बाजरीच्या जेवणातही जस्त असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घडायला ते लागतं आणि शरीर त्याचा फारसा साठा करत नाही, म्हणून ते रोज पोटात जावं लागतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम, बाईला १३.२. शंभर ग्रॅम तिळात ते ७-८ मिलिग्रॅम असतं, बाजरीत ३ च्या आसपास. भोपळ्याच्या बियांतही भरपूर. आजी डांगर चिरलं की बिया राखेत घोळून उन्हात टाकायची, दुपारी भाजून आमच्या मुठीत द्यायची.

धान्यातलं फायटिक आम्ल मात्र जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. मोड आणले, आंबवलं की ती पकड सैल होते. चुलीशेजारी फडक्यात बांधलेली मटकी आणि रात्रभर आंबवलेली आंबील आठवली की आजीबद्दलचा आदर आणखी वाढतो. माणसात जस्ताची उणीव असू शकते, हे बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या वाढ खुंटलेल्या मुलांवरून मांडलं, तेही १९६० च्या दशकात.

तरी ते दिवस नुसतेच सोन्याचे नव्हते. आजीची दोन लेकरं पावसाळ्यात जुलाबाने गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने जुलाबात ओआरएससोबत जस्त द्यायला सांगितलं ते २००४ मध्ये. आता आशाताई गोळ्या देतात, चमच्यात विरघळवून १४ दिवस पाजायला सांगतात. आजीला हे मिळालं असतं तर माझे आणखी दोन काका असते. ही गोळी मला कोणत्याही जुन्या चवीपेक्षा मोलाची वाटते.

पण पोरांचं रोजच्या ताटात मन लागत नाही. शाळेतून आल्यावर हातात बिस्किटाचा पुडा, ताटात मैदा. डांगराच्या बिया उकिरड्यावर, आणि त्याच बिया शहरात चकचकीत पाकिटात महाग.

आमच्याच जिल्ह्यातलं एक काम मात्र सुखावतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने औरंगाबादच्या केंद्रात बाजरीचा 'एएचबी १२६९' हा संकरित वाण तयार केला. किलोमागे ४३ मिलिग्रॅम जस्त आणि ९१ मिलिग्रॅम लोह. चुलतभावाने तो अर्ध्या एकरात पेरला.

यंदा भोगीला त्याच बाजरीची भाकरी वहिनीने गॅसवर टाकली. पहिलीचे तीळ तव्यात सांडले. "भाऊजी, आजी कशा लावायच्या हो?" मी सांगितलं. दुसऱ्या भाकरीवर तिने पाण्याचा हात फिरवला, तीळ पेरले, बोटांनी दाबले. तव्यात एकही पडला नाही.