स्ट्रॉम्बोलीची रात्र

मिलाझ्झोहून बोट सुटली तेव्हा मामा म्हणाले, "आईला यातले काही कळवू नकोस हो."

सिसिलीच्या उत्तरेची ही सात एओलियन बेटे. व्हल्कानोला उतरताच गंधकाच्या वासाने नाक दाबावे लागले. याच बेटाच्या नावावरून इंग्रजीत ज्वालामुखीला व्होल्केनो म्हणतात! लिपारीला पांढरा प्यूमिस दगड हाती घेतला, पाण्यावर तरंगणारा.

पण ओढ होती ९२४ मीटर उंच स्ट्रॉम्बोलीची. शिखर गाठायचे फार मनात होते. परंतु ३ जुलै २०१९ च्या स्फोटात एक पदयात्री दगावला आणि शिखराची वाट बंद झाली. मी खट्टू झालो. (खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही वाटले.)

रात्री नावेतून 'शारा देल फुओको', म्हणजे आगीची घसरण पाहिली. दर काही मिनिटांनी तांबडे कारंजे उडे आणि निखारे समुद्राकडे घरंगळत. सह्याद्रीचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, हे भूगोलाच्या तासाला घोकले होते. तो कधीकाळी असा जिवंत होता हे मात्र आत्ता कळले. नावाडी पाठ फिरवून निवांत पाव खात होता.

तेवढ्यात आईचा फोन. "जेवलास का रे?"

"हो."

वर पुन्हा धडाडले.

"कसला आवाज तो?"

"फटाके, आई."