मेख

मेख या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. सरळ दिसणाऱ्या व्यवहारात कोठे तरी मेख असणारच, असे आपण संशयाच्या सुरात म्हणतो. गिटारीला मात्र उघड्या सहा मेखा असतात. घोडीवर ओळीने बसलेल्या त्या सहा ठिपक्यांकडे ऐकणाऱ्याचे लक्षही जात नाही. परंतु पोलादी तारांचा सुमारे ७० किलोंचा ताण ज्या पातळ लाकडी पाटीवर अहोरात्र असतो, तिचे बरेवाईट पुष्कळसे त्यांच्या बसण्यावर अवलंबून असते.

अंधेरीस आमच्या थोरल्या बंधूंची गिटार आहे. आंबोलीच्या एका ख्रिस्ती स्नेह्याकडून ते ती शिकले. त्यांच्या पश्चात चार पावसाळे ती गवसणीत पडून होती. यंदा पुतण्या तारा चढवू लागला, तो सर्वांत जाड तारेची मेख टक्कन उडून छताला लागली. इतर पाच प्लास्टिकच्या, तारेने कुरतडलेल्या; ही सहावी दादांनी स्वतः शिसवाच्या ढलपीतून तासलेली.

"काका, साऱ्याच बदलू," पुतण्या म्हणाला.

"बाकीच्या खुशाल बदला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ही त्यांच्या हातची आहे."

मेख तारेला घट्ट आवळून धरते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तिचे काम तारेच्या टोकाचा मणी बाजूला सारण्याचे. मणी घोडीखालच्या कठीण फळीला आतून अडकला, की तार आपल्याच ओढीने धरून राहते आणि मेख अंगठ्याने दाबली तरी पुरते. दादांची मेख टोकाशी बोथट होती. मणी त्या टोकावरच उभा राही आणि ताण वाढला की तिला वर ढकली.

नव्या मेखा आणावयास मी धोबीतलावास फुर्तादोसकडे गेलो. १८६५ सालापासूनचे हे घराणे. मेखांचा निमुळतेपणा तीन अंशांचा असतो, तसाच पाच अंशांचाही, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात! म्हणून जुनी मेख खिशात नेली होती. पुतण्याला पितळी हव्या होत्या. मी हाडाच्या घेतल्या. एकीने नाद खुलतो, दुसरीने दबतो, असे वाद रंगतात खरे. मला वाटते, खिशाने मोजलेले पुष्कळदा कान ऐकू लागतात.

कोजागरीपर्यंत आम्ही थांबलो. आपल्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगते. तेव्हा घट्ट बसलेली मेख पुढे सैल पडावयाची. तारा उतरवून जुन्या मेखा पकडीने न ओढता आतून नाण्याने वर ढकलल्या. निमुळत्या कानशीने भोकाला एक वेढा द्यावा, मेख घालून पाहावी, पुन्हा अर्धा वेढा, अशी दुपार गेली.

सहाव्या भोकाशी हात अडला. मी वहिनींच्या हाती आरसा दिला आणि विजेरी आत धरली. फळीची कड तेथे चांगलीच झिजली होती.

"वाजवता वाजवता ते ही मेख अंगठ्याने दाबीत," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटे, सवयच आहे." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे लाकूड त्यांच्या मेखेने खाल्ले?"

"तारेने खाल्ले, वहिनी. अजून पुष्कळ शिल्लक आहे."

त्यांनी ती शिसवी मेख पदराने पुसली, सुईदोऱ्याच्या डब्यात टाकली, आणि पुतण्याला म्हणाल्या, "चढव आता."