अर्ध्यावर थांबणारी तुतारी

क्राकूफच्या मुख्य चौकात उभे राहिले की सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे दिसतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत ही गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. एक बुटका, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावणारा. ते बांधणाऱ्या दोन भावांची, त्यांच्यातल्या मत्सराची आणि एका सुऱ्याची कथा तिथे सांगितली जाते. ती मला फारशी रुचली नाही. मी आलो होतो उंच मनोऱ्यासाठी. साधारण ऐंशी मीटर उंचीच्या या मनोऱ्यातून दर तासाला, दिवसा आणि रात्रीही, तुतारी वाजते. चार दिशांना चार वेळा. आणि प्रत्येक वेळी सूर मध्येच तुटतो.

या सुरावटीचे नाव 'हेय्नाऊ'. शब्द मूळचा हंगेरियन, अर्थ पहाट. आपल्याकडे देवळांच्या आणि वाड्यांच्या नगारखान्यांत पहाटेचा चौघडा झडत असे, तसाच हा प्रकार असावा : वेशीचे दरवाजे उघडण्याची आणि मिटण्याची वेळ सांगायची, आग दिसली तर गावाला जागे करायचे. १३९२ सालच्या नोंदीत तिचा उल्लेख सापडतो. आज ती वाजवतात ते अग्निशमन दलाचे जवान, चोवीस तासांच्या पाळीने. दुपारी बाराची तुतारी १९२७ पासून पोलंडच्या रेडिओवर ऐकवली जाऊ लागली. शेकडो वर्षे आगीवर नजर ठेवणाऱ्या माणसाची जागा शेवटी आग विझवणाऱ्यानेच घ्यावी, हा त्या शहराचा सरळपणा मला आवडला.

जिन्याची सुरुवात दगडी आणि इतकी अरुंद आहे की वरून कोणी आले तर एकाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. पुढे लाकडी जिने लागतात. माझ्याबरोबर माझी चौदा वर्षांची भाची होती. खाली कोणीतरी तिला ती प्रसिद्ध कथा सांगितली होती : १२४१ साली तातार चालून आले, पहारेकऱ्याने त्यांना पाहून तुतारी फुंकली, शहर सावध झाले, पण एक बाण त्याच्या गळ्यात घुसला आणि सूर तिथेच थांबला. तेव्हापासून तो तिथेच थांबवला जातो.

"मामा, खरंच बाण लागला होता का?"

मला हा प्रश्न हवाच होता. धापा टाकीत मी पुरावे मांडू लागलो. तातारांची स्वारी खरी, शहराची राखरांगोळी खरी. पण आपण चढतो आहोत तो मनोरा तेव्हा नव्हताच. त्या स्वारीत जुने चर्च उद्ध्वस्त झाले, आजचे नंतरचे, आणि वरचा टोकदार कळस तर १४७८ चा. बाणाची गोष्ट या रूपात छापून आली ती थेट १९२८ मध्ये, एरिक केली या अमेरिकन लेखकाच्या 'द ट्रम्पेटर ऑफ क्राकूफ' या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, असे अभ्यासक सांगतात. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला जाणारा हा बाण कागदावर उतरून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

भाची दोन पायऱ्या गप्प चढली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण मग सूर का तुटतो?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी दम लागल्याचे निमित्त करून कठड्याला टेकलो, आणि तिथे मला आज्जी आठवली.

आज्जीचे माहेर कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या शिवारालगत. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळपास पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. १९४० पासून सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेले होते. तिथून सुटून, इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानात पोहोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. पुढे ती गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले, आणि तिथे घाऊक कापडासाठी आज ओळखले जाणारे गांधीनगर उभे राहिले. आज्जी तेव्हा आठ-दहा वर्षांची. वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जायची. तिच्या गोष्टीत सोनेरी वेण्यांच्या पोरी असत, आणि शेवट नेहमी एकच :

"जायच्या टायमाला लई रडल्या बाया. त्यांचं गावच दुसऱ्याच्या मुलखात गेलं म्हणं. घर हाय, पर जायाचं कुठं?"

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. एकदा भरल्या घरात मी तिला अडवले. "आज्जी, गाव कुठं जातंय होय? युद्ध संपलं, पोलंड सुटला. त्या आपल्या घरी गेल्या असणार." सगळे हसले. आज्जीही हसली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "आसंल बाबा. तू शिकलेला." ती गोष्ट तिने माझ्यासमोर पुन्हा सांगितली नाही.

ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी युद्धापूर्वीचा आणि युद्धानंतरचा पोलंडचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. जुन्या पोलंडचा जवळजवळ निम्मा, पूर्वेकडचा भाग १९४५ मध्ये सोव्हिएत संघाकडे गेला होता. ल्वूफ, विल्नो, ग्रोद्नो. वळिवड्यातल्या कितीतरी बायकांची घरे त्याच पट्ट्यात होती. अनेकींचे नवरे आणि भाऊ जनरल अँडर्सच्या सैन्यात लढत होते; १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासिनोचा मठ जिंकल्यावर त्याच सैन्यातल्या एका शिपायाने भग्नावशेषांत हेच हेय्नाऊ वाजवले होते. जिंकूनही परतायला घर नव्हते. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला. आज्जीचा एकही शब्द चुकलेला नव्हता. तिला फक्त नकाशा ठाऊक नव्हता, आणि मला ठाऊक आहे असे मी समजत होतो.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या लोकांचे स्मारक आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरचे एक स्मारक आहे. २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे गेले तेव्हा त्याची छायाचित्रे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली होती. ती पाहून घरात कोणीतरी म्हणाले, "आज्जी सांगायची ते हेच का?" मी काही बोललो नाही.

मनोऱ्यातली खोली चोपन्न मीटरवर आहे. खिडक्यांतून लाल कौले, कापडबाजाराची लांबलचक इमारत, दक्षिणेला वावेलचा किल्ला. तास भरला. गणवेशातल्या जवानाने आधी वावेलच्या बाजूची खिडकी उघडली : ती सुरावट राजासाठी. मग चौकाकडे, मग फ्लोरियन वेशीकडे. इतक्या जवळून ऐकताना सूर तुटतो तेव्हा तो दुःखाने तुटल्यासारखा वाटत नाही. कोणी नाव घेऊन हाक मारली आणि बोलणारा वळून पाहू लागला, तसा वाटतो. भाची कान देऊन मोजत होती, प्रत्येक वेळी तो त्याच सुरावर थांबतो का ते. थांबत होता.

चौथी खिडकी पूर्वेची. ल्वूफ त्याच दिशेला, सुमारे तीनशे किलोमीटरवर, आता युक्रेनमध्ये. जवान वाजवून थांबला, खाली चौकातल्या लोकांना त्याने हात हलवला आणि खिडकी लावून घेतली.

उतरताना भाचीने विचारले, "मघाशी मधेच गप्प का झालास?" जिना अरुंद होता, ती पुढे, मी मागे. तिचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे सांगणे सोपे गेले. वळिवड्यापासून सुरुवात केली. दुधाच्या चरवीपासून.