नॉट गिल्टी

मॉरीन डॅलस वॉटकिन्स १९२४ साली 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये बातमीदार म्हणून रुजू झाली आणि काही महिन्यांतच नोकरी सोडून गेली. तेवढ्यात तिच्या वाट्याला दोन खून आले. मार्चमध्ये बेल्वा गार्टनरच्या मोटारीत तिचा मित्र वॉल्टर लॉ गोळी लागून मेलेला सापडला. एप्रिलमध्ये ब्यूला अॅननने हॅरी काल्स्टेट या प्रियकराला आपल्याच घरात गोळी घातली आणि ग्रामोफोनवर तबकडी वाजवत बसली. बंदुकीकडे दोघांनीही हात टाकला, असा तिचा बचाव. ज्युरीत सगळे पुरुष. दोघी सुटल्या.

वॉटकिन्सच्या बातम्या वरकरणी साळसूद. टोपी कोणती, फरचा कोट कसा, नवरा कुठे बसलाय, सगळं टिपलेलं. तिचा चावरेपणा वाचकांच्या लक्षात आला असेल. ज्युरीच्या मात्र आला नाही. मग ती येलला नाट्यलेखन शिकायला गेली आणि तिथे 'शिकागो' लिहिलं. डिसेंबर १९२६ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं. ब्यूलाची झाली रॉक्सी हार्ट, बेल्वाची वेल्मा.

*

ब्यूलाने खटल्याआधी आपण गरोदर असल्याचं जाहीर केलं होतं. नाटकातली रॉक्सीही तेच करते, कारण नवी खुनी बाई आली की जुनीचं नाव पहिल्या पानावरून खाली सरकतं. यात अतिशयोक्ती शून्य. ब्यूलाचा निकाल मे १९२४ च्या अखेरीस लागला, तेव्हा त्याच शहरात बॉबी फ्रँक्स या मुलाच्या खुनाने सगळी वर्तमानपत्रं भरून गेली होती. त्या खुनासाठी लिओपोल्ड आणि लोब पकडले गेल्यावर ब्यूलाची आठवण कोणाला? चार वर्षांत ती क्षयाने गेली.

*

नाटकाचं संगीतक करावं म्हणून नटी ग्वेन व्हर्डन आणि नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी हक्क मागत राहिले, वॉटकिन्स नाही म्हणत राहिली. ती १९६९ मध्ये वारली, मग तिच्या वारसदारांकडून हक्क मिळाले. संगीत जॉन कँडरचं, गीतं फ्रेड एबची, संहिता एब आणि फॉसीची. तालमी सुरू असताना फॉसीला हृदयविकाराचा झटका आला आणि सगळं महिनोन्महिने लांबलं. (त्याच अनुभवावर त्याने पुढे 'ऑल दॅट जॅझ' हा चित्रपट काढला, असा माणूस आजारपणसुद्धा वाया घालवत नाही.) जून १९७५ मध्ये पडदा उघडला. व्हर्डन रॉक्सी, चिता रिव्हेरा वेल्मा. ९३६ प्रयोग झाले, पण टोनीची ११ नामांकनं आणि पदरात एकही नाही. 'अ कोरस लाइन' या दुसऱ्या संगीतकाने जवळजवळ सगळं नेलं. तिथल्या नर्तकांवर जीव जडतो. इथे कोणावर जडवायचा?

*

फॉसीची खरी करामत म्हणजे गोष्ट वॉदव्हिलच्या घाटात बसवणं. कथा थांबते, कोणीतरी पुढे येऊन पुढच्या 'आयटेम'ची घोषणा करतं, गाणं होतं, टाळ्या पडतात. गाण्यांचे नमुनेही त्या काळच्या कलावंतांवरून घेतलेले: तुरुंगातली मेट्रन मामा मॉर्टन सोफी टकरच्या ढंगात, रॉक्सीचा भोळा नवरा एमॉस बर्ट विल्यम्सच्या. पत्रकार परिषदेत वकील बिली फ्लिन रॉक्सीला मांडीवर घेऊन बोलक्या बाहुलीसारखी नाचवतो: ओठ तिचे, आवाज त्याचा. वार्ताहर तेच लिहून घेतात.

एमॉस माझा आवडता. आपण कोणालाच दिसत नाही, एवढंच त्याचं गाणं. शेवटी तो जाताना वादकांकडे निरोपाचं संगीत मागतो आणि वादक वाजवत नाहीत. प्रेक्षक हसतात.

रॉब मार्शलच्या २००२ च्या चित्रपटात ही गाणी रॉक्सीच्या मनात घडतात. सहा ऑस्कर मिळाली, चित्रपट झक्कास आहे. पण ती पळवाट आहे. रंगमंचावर गाणं कोणाच्या डोक्यात नसतं, थेट आपल्यासमोर असतं, आणि टाळ्या आपणच वाजवतो.

*

१९९६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये 'एन्कोर्स' मालिकेत 'शिकागो'चे मोजके प्रयोग झाले. नेपथ्य जवळजवळ नाही, वादक मंचावरच, कपडे काळे, खुर्च्या आणि शिड्या. आधीच्या ऑक्टोबरात ओ. जे. सिम्प्सन खुनाच्या खटल्यातून सुटला होता. खटला म्हणजे तमाशा, हे आता कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. नोव्हेंबरात तेच रूप ब्रॉडवेवर गेलं, तेही १९७५ च्याच इमारतीत. फक्त थिएटरचं नाव बदललं होतं. दिग्दर्शक वॉल्टर बॉबी, नृत्यं फॉसीच्या शैलीत अॅन राइनकिंगची, रॉक्सीही तीच. या खेपेला सहा टोनी. प्रयोगांनी दहा हजारांचा आकडा केव्हाच ओलांडला. त्याहून जास्त चाललं ते एकच, 'द फँटम ऑफ द ऑपेरा', आणि तेही २०२३ मध्ये बंद झालं.

'फँटम'सारखं झुंबर कोसळवायचं नसलं की हिशेब बराच सोपा होतो.

*

इतकी वर्षं टिकण्याचं दुसरं गुपित नटसंच. मेलनी ग्रिफिथ, अशर, पॅमेला अँडरसन, अगदी जेरी स्प्रिंगरसुद्धा: थोड्या आठवड्यांसाठी नामवंत आणायचं, तिकिटं विकायची, पुढचं आणायचं. जाणकार नाकं मुरडतात. मला त्यात गैर दिसत नाही. प्रसिद्धी हीच लायकी, असं ज्या नाटकाचं म्हणणं आहे, त्याने हे नाही करायचं तर कोणी?

*

मेरी सनशाइन ही गोड, भाबडी पत्रकार. या भूमिकेतल्या गायकाच्या नावाचं पुस्तिकेत फक्त आद्याक्षर छापतात, कारण शेवटी विग उतरतो आणि आत पुरुष निघतो. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचा धक्का कितपत बसेल, शंका आहे.

*

हुन्याक. तुरुंगातल्या बायका आपापला खून ठसक्यात सांगतात, ती हंगेरियनमध्ये बोलते. इंग्रजी शब्द तिला दोनच येतात: 'नॉट गिल्टी'. खरोखर निरपराध वाटावी अशी ती एकटीच, आणि फाशी होते तीही तिलाच. तीसुद्धा जादूच्या खेळासारखी पुकारून.

तिच्यामागे सबेला निट्टी ही इटालियन शेतकरीण दिसते. नवऱ्याच्या खुनाबद्दल तिला १९२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. इंग्रजी तिला येत नव्हतं, तिची बोली कोर्टात फारशी कोणाला कळत नव्हती, आणि वर्तमानपत्रांनी तिच्या कुरूपपणावर रकाने भरले. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. हेलन सिरेझी या तरुण वकिलीणबाईने तिचे केस रंगवून घेतले, चांगले कपडे दिले, थोडं इंग्रजी शिकवलं. १९२४ च्या अखेरीस सरकारने खटलाच मागे घेतला. म्हणजे वास्तवातली बाई सुटली, तीही थोडीफार रॉक्सीच्याच वाटेने. नाटकाने तिला लटकवलं आणि माझ्या मते बरोबर केलं. ती सुटली असती तर सगळंच नुसतं गमतीचं राहिलं असतं.

न्यूयॉर्कला गेलात तर २००३ पासून हे अँबॅसेडर थिएटरात चालू आहे. रॉक्सी सध्या कोणती नटी करते, हे पाहून तिकीट काढू नका. हुन्याक कोण करतंय ते पाहा, आणि तिच्या फाशीनंतर टाळ्या वाजल्या तर हात मांडीवर ठेवा.